डोकं शांत करणारी गोळी आठवणी का नेते?

शेवंती:
नमस्कार मंडळी. प्रश्न घरचा आहे, पण उत्तर मुळापासून समजून घ्यायचंय म्हणून धागा काढतेय.

आई ७६ वर्षांची. बाबा गेल्यापासून, म्हणजे नऊ वर्षं, रात्री झोपेसाठी अल्प्राझोलाम ही गोळी घेते. आधी ०.२५ मिलिग्रॅमची होती, आता ०.५ ची. गेल्या वर्षभरात विसरणं फार वाढलंय. बहात्तरच्या दुष्काळात रेशनवर मिळालेल्या लाल मायलो ज्वारीच्या भाकरीचा वास कसा होता ते ती सांगेल, पण सकाळी दळण टाकून आली हे दुपारी आठवत नाही. परवा गिरणीतून फोन आला, "काकू, तुमचा डबा तीन दिवस इथंच आहे." डबा आपला आहे हेच तिला पटेना. झाकणावर बाबांनी खिळ्यानं कोरलेलं नाव दाखवलं, तेव्हा त्यावरून बोट फिरवत गप्प बसली.

नवीन डॉक्टरांनी गोळीकडे बोट दाखवलं. म्हणाल्या, "ही मेंदूतल्या पेशींना शांत करते, आठवणी नोंदवणाऱ्यांनासुद्धा." मी इथंच अडकले. मन शांत असलं की पाठ चांगलं होतं, असं लहानपणापासून ऐकत आलोय. मग पेशी शांत केल्या तर विसर का पडावा? आणि जुनं सगळं शाबूत कसं?

चिमणराव_नाशिक:
वाचतोय. आमच्याकडेही हाच प्रकार आहे.

आबा_वाईकर:
मी ७१ वर्षांचा आहे, सहा वर्षं हीच गोळी घेतोय. रोजचं शब्दकोडं पूर्ण सोडवतो. उगाच गोळीला बदनाम करू नका. रात्र रात्र डोळ्याला डोळा लागत नाही त्याचे हाल ज्याचे त्यालाच ठाऊक. झोप नसेल तर लक्षात तरी काय राहणार? वय झालं की विसरायला होतंच.

क्लोराइड:
शेवंतीताई, प्रश्न अगदी वर्मावर बोट ठेवणारा आहे. मी आठ वर्षं उंदरांच्या हिपोकॅम्पसच्या चकत्यांवर काम केलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कानशिलाच्या आत, दोन्ही बाजूंना एकेक, कडबोळ्यासारखी वळलेली पट्टी असते. तो हिपोकॅम्पस. दिवसभरात घडलेलं आधी तिथं नोंदलं जातं. १९५३ साली हेन्री मोलेसन या अमेरिकन तरुणावर अपस्मारासाठी शस्त्रक्रिया झाली आणि दोन्ही बाजूंचा हिपोकॅम्पसचा मोठा भाग काढला गेला. त्यानंतर त्याला नवी घटना लक्षात ठेवता येईना. लहानपणच्या आठवणी मात्र राहिल्या.

इथल्या बहुतेक पेशी पुढच्या पेशींना चेतवणाऱ्या असतात. साधारण दहांत एखादी असते ती आवरणारी. संख्येनं थोड्या, पण एकेकीचा पसारा केवढा! एक आवरणारी पेशी हजारावर पेशींच्या अंगाला आपल्या फांद्यांची टोपली विणते. म्हणून तिचं नावच बास्केट सेल. ती गाबा नावाचं रसायन सोडते.

समोरच्या पेशीवर गाबा-ए रिसेप्टर, म्हणजे गाबाचा निरोप घेणारं दार असतं. पाच पाकळ्यांचं फूल आणि मधोमध आरपार भोक, असा आकार. गाबाचे दोन रेणू पाकळ्यांमधल्या फटींत बसले की भोक उघडतं आणि क्लोराइड हा ऋण विद्युतभाराचा कण आत येतो (माझ्या आयडीचं मूळ कळलं असेल). स्वस्थ पेशीच्या आत उणे ७० मिलिव्होल्टच्या आसपास विजेचा दाब असतो. तो उणे ५०-५५ पर्यंत चढला तर पेशी ठिणगी टाकते, म्हणजे पुढे संदेश धाडते. क्लोराइडचं भोक उघडं असलं की तो चढतच नाही. बुडाला भोक पडलेल्या कळशीत पाणी ओतत राहा, काठापर्यंत येईल का? तसंच.

आता नोंद कशी होते ते. दोन पेशींमधला सांधा घट्ट व्हायला एनएमडीए नावाचा दुसरा रिसेप्टर लागतो. त्याच्या भोकात मॅग्नेशियमचं बूच असतं. पेशी पुरेशी चेतली तरच बूच उडतं, कॅल्शियम आत शिरतं आणि सांधा घट्ट होतो. सांधे असे घट्ट होतात हे ब्लिस आणि लोमो यांनी १९७३ मध्ये सशांच्या हिपोकॅम्पसमध्ये दाखवलं होतं.

अल्प्राझोलाम गाबाच्या जागेवर बसत नाही. ती अल्फा आणि गॅमा या पाकळ्यांच्या फटीत, शेजारी बसते. तिथं बसली की तेवढ्याच गाबाला भोक जास्त वेळा उघडतं. कळशी जास्त गळते, बूच उडत नाही, नोंद होत नाही. म्हणजे आईंनी दळणाची आठवण हरवली असं नाही, ती पुरती लिहिलीच गेली नसावी. मायलोची भाकरी पन्नास वर्षांपूर्वी लिहून झालेली आहे.

शेवंती:
"लिहिलीच गेली नाही." हे वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. मी तिच्यावर किती वेळा ओरडलेय, "आठवायचा प्रयत्न तरी कर!" म्हणून.

भूलवाली:
मी भूलतज्ज्ञ. क्लोराइड यांनी जे सांगितलं ते आम्ही रोज टेबलावर बघतो. दुर्बिणीच्या तपासणीला मिडाझोलाम देतो, ते याच कुळातलं. पेशंट झोपलेला नसतो. हात वर करा म्हटलं की करतो, "अजून किती वेळ?" विचारतो, एका काकांनी तर मला जावयाच्या नोकरीची सगळी हकीकत सांगितली. तासाभरानं विचारलं तर तपासणी झालीच नाही म्हणून हटून बसले. म्हणजे हा विसर नुसत्या गुंगीचा नाही. उतारा म्हणून फ्लुमाझेनिल दिलं तर ते त्या फटीतून औषधाला हटवतं आणि माणूस टक्क जागा होतो, पण मधला अर्धा तास परत येत नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. जुनं आठवतं, नवं नाही, हे अल्झायमरच्या सुरुवातीलाही असंच दिसतं. गोळीवर खापर फोडून थांबू नका. थायरॉइड, बी-१२, ऐकू येणं, सगळं तपासा. आणि गोळी एकदम बंद करू नका, हे ठळक अक्षरात वाचा. इतक्या वर्षांनंतर रिसेप्टर गोळीच्या हिशेबानं जुळवून बसलेले असतात. झटक्यात काढली तर आकडीसुद्धा येऊ शकते.

नीता_डोंबिवली:
भूलवाली, माझ्या वडिलांची दुर्बीण तपासणी झाली तेव्हा मी औषधं आणायला खाली गेले होते. डॉक्टरांनी तेवढ्यात बाबांना सगळं समजावलं, कुठली गोळी कधी थांबवायची तेसुद्धा. बाबा म्हणे नीट मान हलवत होते. घरी आल्यावर विचारलं तर "मला कोणी काही बोललंच नाही." आम्ही आठवडाभर चुकीची गोळी देत राहिलो. आज कळलं बाबा खोटं बोलत नव्हते. अशा वेळी सूचना लेखी आणि नातेवाइकाच्या हातात दिल्या पाहिजेत, हा नियमच हवा.

भूलवाली:
शंभर टक्के. माझ्या युनिटमध्ये कागद नातेवाइकाच्या हातात पडल्याशिवाय पेशंट हलत नाही.

अर्धविराम:
पण मग सरळ हिशेब आहे. गाबानं नोंद अडते, तर गाबाचं काम बंद पाडणारं औषध द्या, स्मरणशक्ती दुप्पट! परीक्षेच्या सीझनला काय खप होईल.

रानवाटा:
अर्धविराम, असं औषध आमच्या रानात वेलीला लटकतं. काकमारी. घाटातल्या झाडांवर चढणारी दांडगी वेल, घोसानं फळं धरते, वाळली की मिरीपेक्षा मोठी आणि सुरकुतलेली. पूर्वी ही कुटून डोहात टाकायचे, मासे गरगरत वर यायचे. आजोबा आम्हाला त्या वेलीखाली थांबूही देत नसत. त्यातला विषारी घटक पिक्रोटॉक्सिन. तो गाबा-ए चं भोकच बुजवतो. माणसाच्या पोटात गेला तर आकडी येते, जीवही जातो. कृपा करून कोणी हौसेनं हात लावू नका.

क्लोराइड:
रानवाटा, वा! पिक्रोटॉक्सिनची बाटली माझ्या टेबलावर कायम असायची आणि ती वेल आपल्या सह्याद्रीतही आहे हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

ते टाकल्यावर काय होतं ते डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. उंदराच्या मेंदूची अर्ध्या मिलिमीटरपेक्षा पातळ चकती खारट द्रवात ठेवलेली, खालून ऑक्सिजनचे बुडबुडे, एका पेशीला केसाहून बारीक काचेची नळी लावलेली. पडद्यावर रेघ हलते, मधूनच एखादी ठिणगी. पिक्रोटॉक्सिन सोडलं की काही मिनिटं नुसतं वाट बघणं, आणि मग एकाएकी हजारो पेशी एकाच वेळी पेटतात. रेघ पडद्याबाहेर जाते, पडते, परत जाते. त्या गदारोळात नोंद कशाची होणार? वर्गातली सगळी मुलं एकदम ओरडायला लागली तर हजेरी घेता येत नाही.

निशिगंध:
हे वाचून लिहायचं धाडस करतेय. माझ्या मुलीला, वय ९, कानशिलाच्या भागातून उठणाऱ्या फिट्स येतात. फिट येऊन गेल्यावर आधीचा तास-दोन तास तिला आठवत नाही. गेल्या महिन्यात स्नेहसंमेलनात नाचली, बक्षीस मिळालं, संध्याकाळी फिट आली. दुसऱ्या दिवशी शोकेसमधला कप हातात घेऊन विचारते, "आई, हा कुणाचा?"

आम्ही नाकात मारायचा मिडाझोलामचा स्प्रे दप्तरात ठेवतो. म्हणजे ज्या औषधानं इथं आठवणी जाताहेत, त्याच औषधानं माझ्या लेकीचा मेंदू वाचतो. फिट लांबली तर ते लगेच द्यायला का सांगतात, कोणी सांगेल का?

क्लोराइड:
फिट लांबली की पेशी आपल्या पृष्ठभागावरचे गाबा-ए रिसेप्टर आत ओढून घ्यायला लागते. दार आहे तोवर किल्ली उपयोगी. जितका उशीर, तितकी दारं कमी, आणि तेच औषध कमी लागू पडतं. शाळेतल्या बाईंनाही हे कारण सांगा, नुसता नियम सांगितला तर हात कचरतो.

निशिगंध:
उद्याच सांगते. मनापासून आभार.

ठेका:
मी तबला शिकवतो, विज्ञानातलं कळत नाही. पण वरचं वाचून एकच वाटलं, ही तर तालातली खाली! तीनतालात खाली आली की डग्ग्याची घुमक जाते, धिं चा तिं होतो. नवा विद्यार्थी म्हणतो, तिथं काही वाजत नाही. अहो, ती घुमक गेली म्हणूनच समेचं वजन कळतं. सगळीकडे धा वाजवला तर कुठं आहोत हे गाणाऱ्याला कळणार नाही. मेंदूतही असंच असतं का?

क्लोराइड:
ठेका, तुम्ही मुद्द्यापाशीच पोचलात. हिपोकॅम्पसला खरोखर ताल असतो. वाट शोधताना, नवं काही हुंगताना उंदराच्या हिपोकॅम्पसमध्ये सेकंदाला साधारण सहा ते दहा आवर्तनांची थीटा लय चालते आणि तिच्या पोटात तीस ते शंभरची गॅमा नावाची जलद लय. ती लय धरण्यात आवरणाऱ्या पेशींचा मोठा हात असतो. एक टोपली हजार पेशींना एकाच क्षणी आवरते, आवर सुटला की त्या एकदम बोलायला मोकळ्या होतात, आणि त्या फटीत ज्या एकत्र बोलल्या त्यांचे सांधे घट्ट होतात.

आणखी एक. आवरणाऱ्या पेशी एकाच जातीच्या नाहीत. काही पेशीच्या धडाला आवरतात, काही ठिणगी जिथून उठते त्या मुळाशी, काही लांबच्या फांद्यांवर. हिपोकॅम्पसच्या सीए१ या एका भागातच वीसेक जाती वेगळ्या ओळखल्या आहेत. गाबा-ए हा चटकन उघडणारा. गाबा-बी नावाचा दुसरा रिसेप्टर संथ आहे. त्याला स्वतःचं भोक नाही. तो आतल्या निरोप्यांमार्फत पोटॅशियमची दारं उघडतो आणि त्याचा आवर शेकडो मिलिसेकंद टिकतो. ताठरलेले स्नायू सैल करायला बॅक्लोफेन देतात, ते या गाबा-बी वर बसतं.

म्हणजे शेवंतीताईंच्या पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर असं: शांतता आठवणीची वैरी नाही, ती हवीच. पण ती कुठं, कुणावर आणि कोणत्या मात्रेला, हे मेंदू ठरवतो. गोळीला मात्रा कळत नाही. ती सगळ्यांवर एकच पांघरूण घालते.

लेखणी:
अवांतर, पण महत्त्वाचं वाटतं. पाठ्यपुस्तकात याला "अवरोध" म्हणतात. ऐकलं की गटार तुंबल्यासारखं वाटतं. "दमन" तर त्याहून वाईट. क्लोराइड सहज "आवर" लिहून गेले. आवर घालणे, आवरतं घेणे, स्वतःला सावरणे-आवरणे. त्यात थांबवणंही आहे आणि नीटनेटकं लावणंही. घर आवरतो तेव्हा आपण ते बंद करत नाही. हा शब्द रुळवावा.

ठेका:
+१. विद्यार्थ्यांना मी "हात आवर" असंच म्हणतो.

चहाबाज:
आणि आमची कॉफी? तीही याच खात्यातली का?

क्लोराइड:
शेजारच्या खात्यातली. दिवसभर जागं राहिलं की मेंदूत ॲडेनोसिन साठतं. ते ए१ रिसेप्टरवर बसून पेशींना आवरतं, चेतवणारं रसायन सुटणंही कमी करतं. कॅफिन तिथं ठाण मांडून बसतं, पण काही करत नाही, फक्त ॲडेनोसिनला बसू देत नाही.

कृष्णकमळ:
हा धागा दोन दिवस वाचतेय. चार वर्षांपूर्वी यजमान अचानक गेले. घरच्यांनी डॉक्टरांना विचारून मला तीन महिने हीच गोळी दिली. त्या काळातलं मला फार थोडं आठवतं. तेराव्याला कोण कोण आलं होतं ते धाकट्या दिरांनी वहीत लिहून ठेवलंय, त्या नावांवरून मला कळतं. माझी सख्खी मावशी साताऱ्याहून येऊन आठ दिवस राहिली, माझी वेणी घालायची म्हणे. ती मावशीही आता नाही. तिची शेवटची आठवण म्हणून जे माझ्याकडे असायला हवं होतं, ते कधी लिहिलंच गेलं नाही, हे आज कळलं. गोळीनं तेव्हा मला सांभाळलं हेही खरं. पण कोणी आधी सांगितलं असतं तर मी निदान मावशीबरोबरच्या दिवसांत रोज दोन ओळी लिहून ठेवल्या असत्या.

शेवंती:
कृष्णकमळताई, काय लिहू? आईनंही बाबा गेले तेव्हाच सुरू केली. मला वाटायचं, नको ते आठवू नये म्हणून तिला बरंच आहे.

क्लोराइड:
कृष्णकमळताई, तुम्ही लिहिलंत म्हणून एक सांगतो. नको असलेली आठवण मागे सारायची सोय मेंदूत मुळातच आहे. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१७ मध्ये निरोगी तरुणांना काही शब्दजोड्या पाठ करायला लावल्या आणि मग त्यातल्या काही आठवायच्याच नाहीत असं सांगितलं. ज्यांच्या हिपोकॅम्पसमध्ये गाबा जास्त होतं त्यांना ते चांगलं जमलं. कपाळामागच्या भागाकडून हुकूम येतो, पण तो बजावायला हिपोकॅम्पसमधला आवर लागतो. त्याचा रोख त्या नकोशा आठवणीवर असतो, मावशीच्या वेणीवर नाही. गोळीला हा भेद करता येत नाही.

अर्धविराम:
परीक्षेची थट्टा केली होती, ती मागे घेतो. पण प्रश्न मनापासून विचारतो. सगळं बुजवायचं नाही, फक्त आठवणीच्या जागचा आवर थोडा सैल करायचा, असं कोणी केलंय का?

क्लोराइड:
केलंय, आणि ती गोष्ट मजेशीर आहे. गाबा-ए च्या अल्फा पाकळीच्या सहा जाती आहेत. त्यातली अल्फा-५ हिपोकॅम्पसमध्ये खच्चून भरलेली असते, आणि बरीचशी सांध्याच्या बाहेर. सांध्यावरचा रिसेप्टर म्हणजे नळ, सोडला की धार. अल्फा-५ म्हणजे भिंतीची ओल, आसपास झिरपलेल्या थोड्याशा गाबावरही सतत चालू. २००२ मध्ये ही पाकळी नसलेले उंदीर तयार केले. पाण्यात बुडवून लपवलेला चौथरा शोधायच्या परीक्षेत ते साध्या उंदरांपेक्षा सरस ठरले, आणि त्यांना फिट्सही येत नव्हत्या. मग अल्फा-५ लाच सैल करणारी औषधं आली. बास्मिसानिल नावाचं एक डाउन सिंड्रोम असलेल्या माणसांना देऊन पाहिलं, फायदा दिसला नाही.

उलट दिशेचंही ऐका. वय वाढतं, विसर सुरू होतो, तेव्हा हिपोकॅम्पसचा काही भाग गरजेपेक्षा जास्त पेटलेला दिसतो. जॉन्स हॉपकिन्समधल्या मिशेला गॅलाघर यांच्या गटानं अशा लोकांना लेवेटिरासेटाम हे फिट्सचं औषध अगदी थोड्या मात्रेत दिलं, २०१२ चं काम. तो भाग निवला आणि आठवणीची चाचणी सुधारली. म्हणजे कुठं आवर सैल करून साधतं, कुठं आवळून. मला विचाराल तर या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच आहे.

आबा_वाईकर:
पहिल्या दिवशी तावातावानं लिहिलं होतं. सगळं दोनदा वाचलं. माझा झोपेचा मुद्दा मी सोडत नाही. झोपेशिवाय आठवण टिकते का?

भूलवाली:
आबा, मुद्दा सोडूच नका, तो बरोबर आहे. गाढ झोपेत दिवसाची नोंद पक्की होते. पण या गोळ्यांनी झोपेचे तास वाढले तरी त्यातली सर्वांत गाढ, संथ लहरींची झोप कमी होते. शब्दकोड्याचं म्हणाल तर शब्द तुम्ही पन्नास वर्षांपूर्वी साठवलेत. काल सोडवलेल्या कोड्यातले चार शब्द आज आठवतात का, ते बघा.

औषधदुकानदार:
एक आमच्या बाजूनं. अल्प्राझोलाम २०१४ पासून शेड्यूल एच-१ मध्ये आहे. चिठ्ठीशिवाय देता येत नाही, पेशंटचं आणि डॉक्टरचं नाव वहीत लिहावं लागतं, ती वही तीन वर्षं जपावी लागते. तरी लोक जुनी चिठ्ठी घेऊन वर्षानुवर्षं येतात. नाही म्हटलं की भांडतात, आणि पलीकडे कुठंतरी मिळते. शेवंतीताई, नऊ वर्षांत डोस दुप्पट कुणी केला, ते घरात विचारा.

शेवंती:
विचारलं. कुणीच नाही. ०.२५ नं झोप येईना म्हणून आईनंच दोन घ्यायला सुरुवात केली, आणि ओळखीच्या दुकानदारानं सोयीसाठी ०.५ चं पाकीट दिलं.

शेवंती:
(सात आठवड्यांनी) मंडळी, कळवायचं राहिलं होतं. बी-१२ पुष्कळ कमी निघालं, इंजेक्शनं चालू आहेत. गोळी दर पंधरा दिवसांनी थोडी कमी करतोय, डॉक्टरांनी तक्ता लिहून दिलाय. दुसरा आठवडा फार वाईट गेला. रात्री दोनला उठून भांडी लावत बसायची, चिडायची. डॉक्टरांनी त्या पायरीवर आणखी पंधरा दिवस थांबवलं. मेंदूचा फोटो काढलाय, पुढची चाचणी तीन महिन्यांनी. सुधारणा किती गोळीमुळे, किती बी-१२ मुळे, ते सांगता येणार नाही म्हणाल्या. अजून विसरते. पण मंगळवारी मी कामावरून आले तर म्हणाली, "गिरणी आज बंद आहे, मोटर जळलीय, उद्या जाईन." गिरणी खरंच बंद होती. मी ओरडणं सोडलंय.

आबा_वाईकर:
मीही उद्या सकाळी ११ ची वेळ घेतलीय. कोड्यातले शब्द तपासून पाहिले, चारातला एक आठवला. गोळ्यांची पाकिटं आणि हा धागा छापून सोबत नेतोय.

भूलवाली:
आबा, फार बरं केलंत. घरातली सगळीच औषधं पिशवीत घाला, खोकल्याची बाटलीसुद्धा. सर्दी-खोकल्याच्या काही जुन्या औषधांनीही वय झालेल्यांना विसर पडतो. तो रस्ता गाबाचा नाही, ॲसिटिलकोलीनचा, पण डॉक्टरांना दोन्ही दिसले पाहिजेत.